मोठा कारखाना, छोटे वर्कशॉप आणि पंचेचाळीस दिवस

कोजागरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत गप्पा रंगतात आणि दरवर्षी कुठल्या तरी विषयावर आवाज चढतो. या वेळी विषय निघाला टाटांचा. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, "टाटा आले म्हणून धारवाड आज उभे आहे. नाहीतर पेढे, पाऊस आणि प्राध्यापक, एवढेच होते इथे." त्यावर गामनगट्टीला वर्कशॉप चालवणारे एक सभासद शांतपणे म्हणाले, "काका, मोठ्या कंपन्या आल्या हे खरे. पण माझे मागच्या दिवाळीचे बिल या दिवाळीच्या तोंडावर मिळाले. त्याचे काय?" दूध प्याल्यांत ओतले गेले आणि वाद तिथेच राहिला. तो मी इथे पुढे नेतो आहे.

आधी एक कबुली देतो. मी स्वतः नोकरीची बत्तीस वर्षे एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली. कारखान्याचे नाव सांगत नाही. पैसे मागायला आलेल्या माणसाला चहा पाजून "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" म्हणणारा साहेब मीच होतो. त्यामुळे पुढे जे लिहितो ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेले आहे. गामनगट्टीच्या आपल्या मित्राचे पैसे ज्या कंपनीने अडकवले, ती या लेखात नाव आलेल्या कंपन्यांपैकी नाही, हेही सांगून ठेवतो.

काकांचे म्हणणे चूक नाही. बेळगावहून येताना धारवाड जवळ आले की हमरस्त्यालगत नव्याकोऱ्या बसगाड्या उभ्या दिसतात. ज्या यंत्राला आपण सरसकट 'पोकलेन' म्हणतो, ती खोदकामाची यंत्रे बनवणारा टेल्कॉनचा कारखाना धारवाडला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला. जपानच्या हिताचीबरोबरची ही भागीदारी. २०१२ मध्ये कंपनीचे नाव टाटा हिताची झाले आणि आज तिच्यात हिताचीचा वाटा ६० टक्के, टाटांचा ४०. २००६ मध्ये टाटा मोटर्सने ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीबरोबर बसच्या बॉडी बांधण्यासाठी ५१ आणि ४९ टक्के वाट्याची कंपनी काढली आणि तिचा मोठा कारखाना धारवाडला उभा राहिला. डिसेंबर २०२० मध्ये टाटांनी मार्कोपोलोचा ४९ टक्के वाटा सुमारे १०० कोटी रुपयांना विकत घ्यायचे जाहीर केले. आता ती कंपनी टाटा मोटर्स बॉडी सोल्युशन्स या नावाने चालते. १ ऑक्टोबर २०२५ पासून खुद्द टाटा मोटर्सचे दोन भाग झाले, मोटारींचा वेगळा आणि ट्रक-बसचा वेगळा. धारवाड अर्थातच ट्रक-बसच्या बाजूला आले.

या सगळ्या काळात सगळे गोडच होते असेही नाही. २०१४ च्या सुरुवातीला बस कारखान्यात संप झाला, टाळेबंदी झाली. तेव्हा कारखान्यातली मुले घरी बसली, आणि त्यांच्याबरोबर बाहेरची छोटी वर्कशॉपही बसली. त्या वर्कशॉपमधल्या माणसांची मोजणी मात्र कुठल्याच बातमीत नव्हती.

बस कशी बनते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या गावाचा त्यातला वाटा त्याशिवाय कळत नाही. मोटारीची बॉडी मोठ्या प्रेसमध्ये पत्रे दाबून होते. ते काम कोट्यवधींच्या डायवर चालते आणि छोट्या माणसाच्या आवाक्यात नसते. बसचे तसे नाही. चौकोनी नळ्या कापून, वाकवून, वेल्ड करून सांगाडा बनतो. त्यावर पत्रा, फायबरचे भाग, काचा, रबराच्या पट्ट्या, वायरिंग, आसने, हात धरायच्या दांड्या, सामानाचे कप्पे. मुंबईच्या बसला एक मांडणी, शाळेच्या बसला दुसरी, कर्नाटकाच्या महामंडळाला तिसरी. इतके प्रकार आणि इतके हाताचे काम असल्यामुळे जवळचा पुरवठादार कंपनीला परवडतो. दांडी दोन सेंटिमीटर चुकली तर गोकुळ रोडवरून किंवा तारिहाळहून तासाभरात बदलून आणता येते. पुण्याहून आणायची तर एक दिवस जातो.

म्हणजे कंपनी इथल्या माणसाकडून माल घेते ती उपकार म्हणून नव्हे, सोय म्हणून. यात कमीपणा काही नाही. सोयीवर उभे राहिलेले नाते उपकारावर उभ्या राहिलेल्यापेक्षा जास्त टिकते. मात्र ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवली पाहिजे. पुरवठादाराने स्वतःला याचक समजू नये आणि कंपनीने स्वतःला दाता समजू नये.

आता खरी अडचण. कंपनीशी थेट व्यवहार करणारा पुरवठादार म्हणजे पहिल्या पायरीवरचा माणूस. आसनांचा संपूर्ण संच किंवा वायरिंगचा संपूर्ण जोड तो देतो. तो बहुतेकदा पुण्याचा, चेन्नईचा किंवा दिल्लीकडचा मोठा कारखानदार असतो आणि त्याने इथे एक शाखा टाकलेली असते. आपली हुबळी-धारवाडची वर्कशॉप बहुतांशी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर आहेत. आसनाच्या खालचा लोखंडी ब्रॅकेट आपला, त्यावरचे पावडर कोटिंग आपले, बोल्टची जॉबवर्क आपली. वरच्या कंपनीने पहिल्या पायरीला अगदी वेळेवर पैसे दिले तरी ते खाली तिसऱ्या पायरीपर्यंत कधी पोचतात, हे वरच्या कंपनीला माहीत नसते. खरे सांगायचे तर माझ्या खात्यात आम्ही ते विचारतही नव्हतो. "आमचा पुरवठादार समाधानी आहे" असे आम्ही वार्षिक अहवालात लिहीत असू. पुरवठादाराचा पुरवठादार समाधानी आहे का, हा रकानाच आमच्या फॉर्मवर नव्हता.

कायदा काय सांगतो ते पाहू. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लिहिले आहे की लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. कायदा कडक आहे. पण मी नोकरीत असेपर्यंत या व्याजाची मागणी करणारा एकही पुरवठादार माझ्या टेबलासमोर आला नाही. का, ते उघड आहे. व्याज मागितले की पुढची ऑर्डर गेली.

मग सरकारने दुसरीकडून दोरी आवळली. प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी कलमात 'एच' हे पोटकलम आले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या करनिर्धारण वर्षाला लागू झाले. त्याचा अर्थ सोपा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल कायद्यातल्या मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च म्हणून धरता येणार नाही. म्हणजे तेवढ्या रकमेवर त्या वर्षी कर भरा. पुरवठादाराने भांडण काढण्याची गरजच उरली नाही, ऑडिटरच विचारू लागला. त्या मार्चमध्ये कित्येक हिशेब खात्यांत जी धावपळ झाली ती मी निवृत्तीच्या आरामखुर्चीतून पाहिली आणि, खोटे कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

पण पळवाटा निघाल्याच. हे कलम फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही, आणि माल नुसता विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही नाही. त्यामुळे काही खरेदीदारांनी नोंदणी नसलेल्यांकडे ऑर्डरी वळवल्या, काहींनी पुरवठादाराला 'उद्यम' नोंदणीच काढून टाका असे सुचवले. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याच मोठी झाली आहे. २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्री आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तो आता लघु उद्योग. चार लेथ असलेला आपला माणूस आणि १०० कोटींची उलाढाल करणारा, दोघे एकाच रांगेत. त्या रांगेत आधी कोणाचा नंबर लागतो हे सांगायला नको.

या उशिराची किंमत किती, ते आकड्यांत मांडून पाहा. समजा एखाद्या वर्कशॉपचे महिन्याचे बिल ५ लाखांचे आहे. पैसे ४५ दिवसांनी येत असतील तर त्याचे साधारण साडेसात लाख बाहेर अडकलेले असतात. १२० दिवसांनी येत असतील तर २० लाख. मधला फरक साडेबारा लाखांचा. हा पैसा त्याने बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून १२ टक्क्यांनी उभा केला तर वर्षाचे व्याज दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार. एका हेल्परचा पगार त्यातच गेला. पोरगा आयटीआय करून येतो, "काका, काम आहे का?" म्हणून विचारतो आणि काका नाही म्हणतात, त्यामागे हे गणित असते.

त्यात जीएसटीची भर. कर बिलाच्या तारखेवर ठरतो, पैसे आल्याच्या तारखेवर नाही. बिल निघाले की पुढच्या महिन्यात कर भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. कच्च्या मालावर भरलेला कर वजा होतो, पण आपल्या मजुरीवरचा आणि नफ्यावरचा भाग खिशातूनच जातो. या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून थोडा दिलासा आहे. बस, ट्रक आणि वाहनांचे सुटे भाग यांच्यावरचा २८ टक्के कर आता १८ टक्क्यांवर आला आहे. आपण या बदलाकडे गाडी किती स्वस्त झाली म्हणून पाहतो. वर्कशॉपवाला त्याच्याकडे दर महिन्याला किती कमी रक्कम अडकते म्हणून पाहतो.

आणखी एक सोय आहे, पण आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. ट्रेड्स नावाची व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. पुरवठादाराचे बिल तिथे चढवायचे, खरेदीदार कंपनीने ते मान्य करायचे, मग बँका बोली लावतात आणि पैसे लगेच मिळतात. मुदत संपल्यावर बँक मोठ्या कंपनीकडून वसूल करते. व्याजदर मोठ्या कंपनीच्या पतीवर ठरतो, आपल्या नव्हे, हा यातला मोठा फायदा. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणे बंधनकारक होते. मात्र नोंदणी करणे वेगळे आणि बिले मान्य करणे वेगळे. मोठ्या कंपनीने स्थानिकांसाठी काय केले असे विचारायचे असेल तर मी हा प्रश्न पहिला विचारीन: ट्रेड्सवर तुम्ही नुसते नाव घातले आहे, की इथल्या छोट्यांची बिले तिथे मान्य करता?

त्याऐवजी आपण काय विचारतो? सीएसआरमधून काय दिले? शाळेला बाकडी, गावाला शुद्ध पाण्याचे यंत्र, आरोग्य शिबिर. ही कामे वाईट नाहीत. टाटा मोटर्सची आरोग्य, विद्याधनम, कौशल्य आणि वसुंधरा या नावांची कामे देशभर त्यांच्या कारखान्यांभोवती चालतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असे कायदाच म्हणतो. पण गंमत अशी की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम यात धरले जात नाही. आपल्याच पुरवठादाराला वेल्डिंगची नवी पद्धत शिकवली, त्याचा माल नापास होण्याचे प्रमाण कमी केले, तर ते सीएसआरच्या हिशेबात दाखवता येत नाही. फलक लागत नाही, फीत कापली जात नाही, फोटो येत नाही. म्हणून ते काम होते तेव्हा कोणाला दिसत नाही आणि होत नाही तेव्हाही कोणाला दिसत नाही.

आपल्या भागाला हा धडा नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशा भीतीने शेतकरी नांगराला हात लावीत नव्हते. बेळगावात गावाच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने त्यांना हलायला लावले, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे पुरवठादार कुठून असणार? निवडुंग आणि साप होते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या माणसांना हाताशी धरून ओतकाम आणि यंत्रकाम शिकवावे लागले. ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का होता अशांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी केले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. आधी माणूस तयार केला आणि मग माल काढला.

पुण्यातही पुढे तेच झाले. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ च्या सुमारास सुरू केला तेव्हा आधी प्रशिक्षण केंद्र आणि यंत्रे बनवण्याचा विभाग उभा केला. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडले. त्या दहा वर्षांत शिकलेल्या पोरांपैकी किती तरी जणांनी पुढे पिंपरी, भोसरी, चिंचवडला स्वतःची वर्कशॉप काढली. आज पुण्यात कुठलाही भाग बनवून मिळतो म्हणतात, त्याचे मूळ इथे आहे.

मात्र याच किर्लोस्करांच्या इतिहासात दुसरीही बाजू आहे, आणि ती आपल्या अधिक जवळची आहे. हरिहर. १९४१ मध्ये तिथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिचे लेथ देशभर गेले. आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांकडे वर्कशॉप होते त्यांनी 'किर्लोस्कर हरिहर' ही अक्षरे बेडवर कोरलेली पाहिली असतील. गाव त्या एका भोंग्यावर उठत होते. नवे शतक उजाडता उजाडता कंपनी बंद पडली आणि तिच्यावरच अवलंबून असलेल्या छोट्यांना दुसरे दार नव्हते. कंपनीने त्यांना वाईट वागवले असे नाही. त्यांनी फक्त एकाच दारात उभे राहायची सवय लावून घेतली होती, आणि कंपनीलाही ते सोयीचे होते.

बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या ओतकामवाल्यांकडे पाहा. उद्यमबागेतला कारखानदार ट्रॅक्टरला माल देतो, पंपाला देतो, ट्रकला देतो, परदेशीही पाठवतो. एक गिऱ्हाईक शिंकले तर त्याला लगेच ताप येत नाही. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, महामंडळांकडे पैसे नव्हते आणि बस कोणी घेत नव्हते. त्या वर्षी धारवाडला फक्त बसचे काम करणाऱ्यांची अवस्था आपण पाहिली आहे. एक पाय बसमध्ये आणि एक पाय पोकलेनमध्ये ठेवणे शहाणपणाचे, दोन्ही कारखाने एकाच गावात असताना तर नक्कीच. चांगली कंपनी पुरवठादाराला "फक्त आमचेच काम करा" असे सांगत नाही. मी हे सांगितले आहे, म्हणून जाणतो की त्यात कंपनीचा फायदा असतो, पुरवठादाराचा नसतो.

वेगळ्या तऱ्हेचे उदाहरण हत्तरगीचे. बेळगाव-संकेश्वर रस्त्यावर एकस कंपनीने विमानांच्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभे केले. फोर्जिंग, मशिनिंग, पृष्ठभागावरची प्रक्रिया, सगळे एकाच आवारात. हुबळीतही त्यांनी घरगुती वस्तूंचे काम सुरू केले आहे. विमानाच्या भागाची तपासणी इतकी कडक असते की गल्लीतल्या वर्कशॉपला तिथे शिरता येणे अवघड. म्हणजे अशा कंपनीकडून आपल्या गावाला मिळते ती नोकरी आणि शिक्षण, पुरवठ्याची कामे फार नाहीत. हे वाईट नाही, पण बस कारखान्याकडून जी अपेक्षा करायची तीच इथे करून चालणार नाही. उलट दहा वर्षे तिथे अचूक काम शिकलेला मुलगा उद्या स्वतःचे सीएनसी मशीन टाकील का, हे पाहायचे.

आता 'स्थानिक' या शब्दाकडे येतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने एक विधेयक मंजूर केले होते. खाजगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना. उद्योगांनी गिल्ला केल्यावर दोन दिवसांत ते बाजूला ठेवले गेले. त्यातली व्याख्या आपल्या घरांनी नीट वाचायला हवी होती: राज्यात जन्म, १५ वर्षांचे वास्तव्य, कन्नड बोलता, वाचता आणि लिहिता येणे, आणि दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा. आपल्या हुबळी-धारवाडच्या मुलांना ही अट जड नाही. घरात आजीशी मराठी, बाजारात कन्नड, ऑफिसात इंग्रजी, हे आपले नेहमीचे जगणे. आपले पणजोबा रेल्वे वर्कशॉपच्या कामाला इथे आले तेव्हापासून आपण इथलेच आहोत, आणि हे वेळोवेळी सिद्ध करायची वेळ आली तर कागद तयार असावेत. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मराठी शाळांतल्या मुलांची गोष्ट निराळी, त्यांच्यापैकी ज्यांना दहावीला कन्नड नव्हते त्यांना ती परीक्षा द्यावी लागली असती.

पण या चर्चेत मला एक गोष्ट खटकली. सगळे भांडण नोकरीतल्या स्थानिकांवर. खरेदीतल्या स्थानिकांबद्दल एक वाक्य नाही. कारखान्यात शंभर मुले लागली तर वृत्तपत्रात येते. कारखान्याने वीस वर्कशॉपना ४५ दिवसांत पैसे दिले आणि त्या वीस ठिकाणी प्रत्येकी पाच मुले लागली, तरी ती शंभरच. शिवाय कारखान्यातली कित्येक मुले आता कंत्राटावर किंवा शिकाऊ म्हणून असतात, तीन वर्षांनी बाहेर. वर्कशॉपमधला मुलगा कमी पगारावर का होईना, धंदा शिकतो. दोन्हींची तुलना करून एकाला कमी ठरवायचे नाही, पण मोजायचे असेल तर दोन्ही मोजा.

विजेच्या बस येत आहेत, हेही ध्यानात असू द्या. केंद्राच्या योजनेत एकट्या बंगळूरला ४,५०० बस मंजूर आहेत. विजेच्या बसला सायलेन्सर नाही, डिझेलची टाकी नाही, इंजिनाभोवतीची निम्मी ब्रॅकेट नाहीत. ते काम करणाऱ्याने आजच बॅटरीच्या पेट्या, अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग, जाड केबलचे काम शिकायला हवे. हुबळीचे जीटीटीसी आहे, धारवाडला एनटीटीएफ आहे, केएलई टेक आहे, आयआयटी आहे. पण नवे रेखाचित्र कंपनीच्या हातात असते. ते दोन वर्षे आधी पुरवठादाराला दाखवले तर तो यंत्र घेण्याचे धाडस करील. दोन महिने आधी दाखवले तर ते काम पुण्याला जाईल. माझ्या मते धारवाडच्या कारखान्यांनी आपल्या गावासाठी करण्यासारखे याहून मोठे काम आज दुसरे नाही, आणि त्याला एक पैसाही सीएसआर लागत नाही.

गामनगट्टीच्या आपल्या मित्राचे काय झाले ते सांगून थांबतो. कोजागरीनंतर मी आणि बँकेचे काका, दोघे त्याच्या वर्कशॉपवर गेलो. त्याची उद्यम नोंदणी होती, पण बिलावर नंबर छापलेला नव्हता. मालाच्या पावतीवर गिऱ्हाइकाच्या स्टोअरची तारीख आणि सही घेण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ४५ दिवस कधीपासून मोजायचे हेच ठरत नव्हते. काकांनी नवे बिलबुक छापून घेतले. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि खाली ठळक अक्षरात "देय तारीख". व्याजाचा उल्लेख मुद्दाम केला नाही. पहिल्या महिन्यात खरेदी खात्यातून फोन आला, "हे काय नवीन काढले?" मित्राने मी शिकवलेले उत्तर दिले, "आमच्या ऑडिटरने सांगितले आहे, साहेब." ऑर्डर बंद झाली नाही. मागच्या महिन्यात त्याला बिल ७२ व्या दिवशी मिळाले. कायद्यापेक्षा अजून २७ दिवस जास्त. मार्चअखेर त्यांचा ऑडिटर हीच बिले काढून बसेल, तेव्हा पुन्हा पाहू.